वीणेच्या पहाऱ्याची यादी

माझं अक्षर गावानं पहिल्यांदा वाचलं ते सप्ताहातल्या पहाऱ्याच्या यादीवर. त्याआधी माझं अक्षर फक्त वह्यांमध्ये होतं आणि वह्या मास्तरांशिवाय कुणी वाचत नव्हतं. आता एम. ए.ला बसल्यावर मी बरंच काही लिहिते, पण त्या एका कागदाइतकं माझं लिहिणं कुणाच्या अंगावर आलं असेल असं वाटत नाही. म्हणून ते आठ-दहा दिवस आधी लिहून काढते. चूक माझीही होती, तीही लिहिते.

आमच्या मारुतीच्या देवळात दरवर्षी सात दिवस अखंड हरिनाम सप्ताह असतो. अखंड म्हणजे सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. कुणीतरी ती गळ्यात अडकवून देवापुढं उभं असायचंच. एकेकानं एक तास उभं राहायचं, त्याला पहारा म्हणतात. चोवीस तासांची चोवीस नावं, आणि सातही दिवस ज्याचा त्याचा तोच तास. तास भरत आला की दुसरा माणूस अंघोळ करून येतो, वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो आणि वीणा आपल्या गळ्यात घेतो. मग ज्यानं वीणा दिली तो नव्या वीणेकऱ्याच्या पायांवर डोकं ठेवतो. ज्याच्या गळ्यात वीणा तो त्या तासापुरता मोठा, मग तो कुणाचा कोण का असेना. लहानपणी मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात पाहण्यासारखं काही आहे असं कधी वाटलंच नाही.

आमचं गाव वडवणीपासून फार लांब नाही. आमच्या जातीचं गावात एकच घर. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. दादा, म्हणजे माझे वडील किसन, पहाटे गिरणी सुरू करायचे, आणि पट्ट्याची फटफट थांबली की शांततेनंच मला जाग यायची. दगडांना टाकी लावायची असेल त्या दिवशी गिरणी बंद, आणि दुपारभर टक टक असा एकसारखा आवाज. दादांच्या पापण्यांवर कायम पीठ असे. आमच्या घरची भाकर वेगळीच लागायची, कारण संध्याकाळी गिरणीखालचं जे पीठ झाडून निघायचं, ते माय चाळून आमच्यासाठी ठेवायची. त्यात कुणाची ज्वारी, कुणाची बाजरी, कुणाच्या गव्हाची चिमूट. ती भाकर कधी पिवळट, कधी काळपट, आणि सोबत तव्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा. भावानं जेवताना कुणाला शिवी दिली की माय म्हणायची, “सबंध गावाचं पीठ पोटात चाललंय तुझ्या. कुणाला शिव्या देऊ नगं, घशात अडकंल.”

गावात दोन मोठे समाज आहेत. त्यांची नावं लिहीत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला ती सांगावी लागत नाहीत, आणि बाहेरच्याला सांगून त्याला वाटेल की तो आम्हाला ओळखतो. एक समाज वेशीच्या आतला, जमीनवाला, ज्यांच्यातून सरपंच आणि पुढारी होतात. त्यांना मी गावातले म्हणते. दुसरा माळावरच्या वस्तीचा. आधी नुसती मेंढरं राखायचा, आता शेतीही करतो. त्यांना माळावरचे म्हणते. नारायणगडाच्या यात्रेला दोन्हीकडची माणसं एकाच टेम्पोत कोंबून जायची आणि येताना एकाच पिशवीतले चुरमुरे खायची. मी बीडला कॉलेजात गेले, त्याच वर्षी आरक्षणाचे मोर्चे निघाले, मागोमाग निवडणूक आली. त्या यात्रेला दोन टेम्पो गेले.

बाहेरून भांडण राजकारणाचं दिसतं, पण आमच्याकडे ते देवाच्या अंगणात येऊनच पक्कं झालं. गावातल्यांनी बोलावलेल्या एका महाराजांनी कीर्तनात अभंग सोडला आणि कुणाला पाडायचं ते सांगितलं. माळावर बिरोबाच्या ठाण्यापुढं दुसऱ्या कुणीतरी तेच केलं, नावं उलटी करून. मग शपथा झाल्या. गावातल्यांनी महादेवाच्या देवळात बेलभंडारा उचलला, म्हणजे तळहातावर बेलाचं पान आणि हळद घेऊन देवासमोर शब्द दिला, “माळावरच्यांच्या हातचं काही घेणार नाही.” माळावरही तोच भंडारा उधळून तोच शब्द दिला गेला. हातचं काही घेणार नाही. चहा नाही, किराणा नाही, दूध नाही. मोबाइलवर त्या शपथांचे व्हिडिओ बीडपर्यंत आले. वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “तुझंच गाव ना हे?” मी नाही म्हणाले.

शपथ घेणाऱ्यांत गावातले तात्या होते. तात्या माजी सरपंच, पांढऱ्या मिश्या, बोलणं तोलून. त्यांना राजकारण कळत होतं, पण बेलभंडाऱ्याची त्यांना खरोखरची भीती होती. उचललेला शब्द मोडला तर घरावर येतं, असं ते मानत. आणि त्या महिन्यात त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. माळावर त्यांच्याच वयाचे सोपानमामा होते. ते माझे सख्खे मामा नाहीत, सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. उंच, वाकलेले, खांद्यावर घोंगडी, तोंडात सदा थट्टा. दोघांचे पहारे वर्षानुवर्षं लागून असायचे. मामा अकराला उभे राहायचे आणि बाराला तात्यांना वीणा द्यायचे.

गिरणी एकच, त्यामुळे तिथं शपथेची अडचण झाली. धान्य ज्याचं त्याचं, दादांचा हात तिसराच, म्हणून शपथ मोडत नाही असं दोन्हीकडून ठरलं. पण एकाचं दळण संपून दुसऱ्याचं सुरू होताना आधीचं मूठभर पीठ दगडात राहतंच. एके दिवशी गावातली एक बाई डबा खाली ठेवून म्हणाली, “आधी रिकामी फिरवा. त्यांचं पीठ माझ्यात नगं.” दुसऱ्या दिवशी माळावरची एक बाई तेच म्हणाली. दादांनी दोन्ही वेळा गिरणी रिकामी फिरवली. दगडावर दगड घासल्याचा तो कोरडा आवाज मला अजून सहन होत नाही.

सप्ताह जवळ आला तेव्हा तो दोन ठिकाणी करावा असं तरुण पोरं म्हणायला लागली. तात्या आणि मामा, दोघांनाही ते नको होतं. सप्ताह त्यांच्या आजोबांनी मिळून बसवलेला, तो आपल्या हयातीत फुटला असं नाव कुणालाच लावून घ्यायचं नव्हतं. देवळात बैठक झाली. यादी लिहायला मला बोलावलं, कारण मी कॉलेजात होते आणि सुट्टीला आले होते. तात्या एका खांबाजवळ, मामा दुसऱ्या. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, जे बोलायचं ते माझ्याकडं बघून बोलत होते.

तात्या म्हणाले, “सारिका, लिही. त्यांचे सलग तास, आमचे सलग तास. मिसळ नको.”

“लिही बाई,” मामा म्हणाले. “दुपारी एकपासून त्यांचे. मध्यरातीनंतरचे आमचे. आमाला मेंढरामागं जागायची सवय हाय. गावातल्यांचा देव धा वाजता घोरायला लागतो.”

पोरं हसली. तात्यांच्या मिशीतही काहीतरी हललं, पण त्यांनी ते दाबलं.

मी बोटांवर मोजलं आणि मला एक गोष्ट लक्षात आली. कशीही यादी करा, दिवसातून दोनदा तरी वीणा इकडून तिकडे जाणारच. एक माळावरचा आणि एक गावातला समोरासमोर येणार, एकमेकांच्या पायांवर डोकं ठेवणार. मी तसं घाबरत बोलून दाखवलं. आणि मग मीच, कुणी विचारलं नसताना, तोडगा सांगितला. दोन्ही ठिकाणी मध्ये एक तिसरा माणूस ठेवायचा. “आमचे दादा दोन्हीकडचे नाहीत,” मी म्हणाले.

सगळ्यांना ते पटलं. अकरा तास यांचे, अकरा त्यांचे, दोन तास दादांचे. दुपारी बारा ते एक आणि मध्यरात्री बारा ते एक. मी चोवीस ओळी लिहिल्या. आडनावं लिहू नकोस असं दोन्हीकडून सांगितलं गेलं, म्हणून नुसती नावं लिहिली, आणि ‘किसन’ हे नाव दोनदा लिहिलं. इतकं सुबक मी परीक्षेतही लिहीत नाही. कॉलेजात जाऊन शिकलेलं पहिल्यांदाच गावाच्या कामी आलं, असं मला वाटलं. बैठकीत दादा मागं उभे होते. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पहिले चार दिवस सुरळीत गेले. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी भजन, संध्याकाळी कीर्तन. घराघरांतून भाकरी यायच्या आणि मोठ्या कढईत आमटी उकळायची, तिच्या खोबऱ्या-लसणाचा वास वेशीपर्यंत जायचा. पंगती मात्र दोन बसायच्या. बारा वाजता दादा मामांच्या पाया पडत, वीणा घेत, मामा दादांच्या पाया पडत. एक वाजता तात्या येत. ज्या तात्यांनी आमच्या गिरणीत कधी बसून पाणी घेतलं नव्हतं, ते सगळ्यांदेखत दादांच्या पायांवर डोकं ठेवत. मला ते बघायला आवडायचं, खोटं कशाला सांगू. चौथ्या दिवशी जेवताना मी तसं बोललेही.

दादांनी भाकर मोडता मोडता मान वर केली. “ते माझ्या पाया पडत न्हाईत बाई. माझ्या आडून एकमेकाचं टाळायलेत.”

“पण सप्ताह तर चाललाय ना दादा?”

“चाललाय की. मामा वीणा देताना कानात सांगतेत, तुझ्या तात्याला म्हनावं मिशीला तूप लाव. तात्या घेताना म्हनतेत, त्याला सांग मेंढरं आमच्या बांधाला आली तर बघ. देवापुढं उभा करून पोस्टमन केलाय मला.”

माय हसली. दादा हसले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी बाराला दादा अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून देवळात आले. मी बायकांच्या बाजूला बसले होते. मामा वीणा छेडत उभे होते. दादा त्यांच्यासमोर गेले, पायांवर डोकं ठेवलं, उठले, आणि हात जोडून तसेच उभे राहिले. वीणा घेण्यासाठी त्यांनी मान पुढं केली नाही.

“घे की किसन,” मामा म्हणाले.

“मामा, मला घेता येत न्हाई.”

“कावून? अंगात ताप हाय का?”

“ताप न्हाई. वीणा घ्यायला मन धुतलेलं लागतं. माझ्या मनात तुमच्याबद्दल राग हाय आन् तात्याबद्दलबी हाय. चार दिवस तसाच हुबा राह्यलो, ते पाप झालं. आता न्हाई.” एवढं बोलून दादा बाजूला झाले आणि भिंतीशी खाली बसले. दादांना मी इतक्या माणसांत इतकं बोलताना आधी कधी पाहिलं नव्हतं.

देवळात कुजबुज वाढली. माळावरचा एक पोरगा पुढं आला, “द्या मामा, मी घेतो तासभर.” मामांनी मान हलवली. “यादीत तुझं नाव हाय का बे? बाराला किसन, एकला तात्या. किसन न्हाई, तर आता तात्या.” ते सत्तरीला टेकलेले, साखरेचा आजार, आणि पहारा होईपर्यंत तोंडात पाणी न घालण्याचा त्यांचा नेम. बारा वाजून गेले, साडेबारा झाले. त्यांचे पाय थरथरायला लागलेले मला बसल्या जागेवरून दिसत होते. वीणेवरची बोटं मात्र थांबली नाहीत. कुणी त्यांना खांबाला टेका म्हटलं, तेही त्यांनी ऐकलं नाही. मला वाटत होतं, आता वीणा पडणार, आणि ती माझ्या यादीमुळे पडणार.

तात्यांना कुणीतरी जाऊन सांगितलं असावं. ते वेळेच्या आधी आले, अंगावर ओलं उपरणं, कपाळावर बुक्का. मामांना पाहून उंबऱ्याच्या आत दोन पावलांवर थांबले. त्यांचा पुतण्या त्यांच्या मागं होता. तो म्हणाला, “तात्या, बेलभंडारा उचललाय तुमी. समद्यांनी बघितलंय. त्यांच्या हातचं घ्यायचं न्हाई. वीणाबी हातचीच.”

तात्यांचा चेहरा मी विसरले नाही. त्यात हट्ट नव्हता, अडकलेलं माणूस होतं. एकीकडे देवाला दिलेला शब्द आणि घरात दिवस भरलेली लेक, दुसरीकडे देवापुढची वीणा. (तिला नंतर मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दुपारी ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि तात्यांना तर मुळीच नाही.) वर्गात आम्हाला धर्म आणि राजकारण असा एक प्रश्न येतो. मी त्याचं उत्तर दोन्ही बाजू मांडून लिहिते आणि बरे गुणही पडतात. पण त्या उत्तरात उंबऱ्याच्या आत उभे असलेले तात्या कुठंच बसत नाहीत.

“मला घेता येत नाही रे,” तात्या म्हणाले. सहा महिन्यांत मामांशी ते पहिल्यांदा सरळ बोलले. “शब्द दिलाय.”

“कंचा शब्द? नीट सांग, अक्षर न् अक्षर.”

“तुमच्या हातचं काही घेणार नाही.”

मामांनी वीणा छेडणं थांबवलं नाही. “मग हातचं कुनी देतंय तुला? ही हातात हाय का? ही गळ्यात हाय. हातचं घेऊ नगंस, गळ्यातली घे.”

क्षणभर कुणाला कळलंच नाही. मग मागून एक म्हातारी फसकन हसली. पुतण्या म्हणाला, “हे काय बोलणं झालं?” पण तात्या पुढं निघाले होते. ते मामांच्या पायांवर वाकले, उठले आणि समोर उभे राहिले. आता वीणा हात न लावता घ्यायची कशी, ते कुणी कधी केलेलं नव्हतं. मामांनी मान खाली घातली. तात्यांनी डोकं वीणेच्या पट्ट्याखालून आत घातलं. एका पट्ट्यात दोघांच्या माना, कपाळाला कपाळ, मध्ये वीणा. दोघांच्या टोप्या खाली पडल्या. तात्यांच्या डोक्याला टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“मुंडी बाहीर काढ की आता,” तात्या दबक्या आवाजात म्हणाले.

“तुझी मिशी टोचायली रे.”

मामांनी डोकं मागं घेतलं, मग एकेक बोट करत वीणेवरचा हात काढला. तात्यांनी वीणा धरली. ती कुठंच टेकली नाही. आता राहिलं होतं ते मामांचं पाया पडणं. ते वाकले, तात्यांच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि त्यांना उठता येईना. दीड तास उभे राहिलेले पाय वाकल्यावर आखडले. ते गुडघ्यांवर तसेच राहिले. आम्ही सगळे बघत होतो. माळावरची पोरं पुढं सरकेपर्यंत तात्यांनी डाव्या हातानं वीणा छातीशी घट्ट धरली आणि उजवा हात खाली केला. मामांनी तो धरला आणि उठले. टाळ पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ गेला.

राहिलेले दोन दिवस यादी देवळाच्या खांबावर तशीच लटकत होती, पण ती कुणी पाहत नव्हतं. दादांचे तास मामांनी आणि तात्यांनी आपसांत वाटून घेतले. मध्यरात्रीचं कसं केलं ते मी विचारलं नाही. यावरून गाव एक झालं असं म्हणणं खरं होणार नाही. पुढच्या निवडणुकीत मतं तशीच दोन बाजूंना गेली, पुतण्या अजून मामांना ओळख देत नाही, आणि दोघांच्या आळीतल्या पोरांच्या मोबाइलवर अजून तेच चालू असतं. यात्रेला टेम्पो दोनच जातात. किराण्याची शपथ मात्र हळूहळू विरत गेली, आणि ती कधी संपली हे सांगता येत नाही.

मी बीडला परत जायच्या सकाळी गिरणी चालू होती. तात्या स्वतः ज्वारीचा डबा घेऊन आले, एरवी गडी यायचा. दादांनी डबा ओतला. तात्या पोत्यावर बसले. मी चहा आणला, तो त्यांनी घेतला. दळण अर्ध्यावर आल्यावर ते गिरणीच्या आवाजावरून जरा मोठ्यानं म्हणाले, “किसन, खरं सांग. माझी शपथ राहिली का मोडली?”

“मामा म्हनले की, गळ्यातली घेतली.”

“ती गळ्यातली. मी हाताचं विचारायलोय. वर उठवताना.”

दादा डब्यात पडणारं पीठ हातानं सारखं करत राहिले. “तुमाला कसं वाटतंय?”

“भीती वाटायली.”

“मग मोडली असंल तात्या.”

मला वाटलं तात्या रागावतील. ते बराच वेळ गरम पिठात बोट घालून बसले, दळण बारीक आलंय का ते बघितल्यासारखं.

“मोडली असंल,” ते म्हणाले. “पण सोपाननं हात मागितला नव्हता रे. मीच दिला.”